उलव्यातले सात महिने

सीबीडी बेलापूर
४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

सादर नमस्कार. सकाळी फोन केला होता, काकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यांना फोनवर आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही गं. कानाचं मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते. तू ईमेल कर, वाचतात." म्हणून लिहिते आहे. तुम्ही रिटायर होऊन देवरुखला गेलात त्याला पावणेदोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत मी एकदाही खुशाली विचारली नाही आणि आता काम निघाल्यावर लिहिते आहे. तुमच्या लक्षात येईलच, त्याआधी मीच कबूल करते.

उलव्याच्या एका गावकरी मंडळाला कंपनीने डेटा साठवायचा आपला लहान बॉक्स भेट दिला होता. दोन डिस्कवाला. जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. गेल्या मे महिन्यात एक डिस्क सैल होऊन बाहेर आली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बॉक्स दुसऱ्या डिस्कवर चालत राहिला. डिसेंबरात तिथली वीज आठवडाभर गेली. परत आली तेव्हा बॉक्सच्या आतली बॅटरी संपलेली होती, त्यामुळे घड्याळ पार मागे, २००० सालात गेलं. जानेवारीत तिथल्या मुलीला लाल दिवा दिसला आणि तिने ती सैल डिस्क आत ढकलली.

इथे उलटं झालं. चांगल्या डिस्कवरून जुनीवर नक्कल व्हायची, ती जुनीवरून चांगलीवर झाली. मे अखेरपासूनचं सगळं पुसलं गेलं. सात महिने.

ताजी डिस्क कोणती आणि शिळी कोणती हे ठरवणारा भाग तुम्ही लिहिला होता. गडबड त्याच्याच आसपास आहे. तुम्ही तो तसा का लिहिला होता, कशाशी काय ताडून पाहत होतात, हे मला समजून घ्यायचं आहे. तपास माझ्याकडे आला आहे आणि निशांत (तुमच्यानंतर तोच टीम बघतो) रोज दोनदा विचारतो.

तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

तुमची,
क्षिप्रा

---

देवरुख
७ फेब्रुवारी २०२५

चि. क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद. कामापुरती का होईना, आठवण झाली हे बरं झालं. इथे माझ्याशी डिस्कबद्दल बोलणारं कोणी नाही. स्मिताला मी बत्तीस वर्षं सांगतो आहे, तिला अजून वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो.

तो भाग मला तोंडपाठ आहे. दोन कारकून एकच रजिस्टर दोन वह्यांत उतरवताहेत असं समज. एक आजारी पडला आणि सहा महिन्यांनी परत आला. कोणाची वही खरी? जिच्यात जास्त नोंदी तिची. तारीख बघायची नाही, कारण तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून लिहितात आणि त्या कॅलेंडरची पानं कोणी फाडली असतील ते सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कवर मी एक आकडा ठेवला होता. काही लिहिलं गेलं की तो एकने वाढायचा. डिस्क परत आली की दोघींचे आकडे बघायचे. मोठा आकडा खरा. घड्याळाला विचारायचंच नाही.

हे सुचलं वाशीच्या एका छापखान्यामुळे. २००८ साली त्यांच्या बॉक्सचं घड्याळ तीन वर्षं मागे गेलं आणि एका आख्ख्या पुस्तकाची जुळवलेली पानं गेली. मालक आमच्या ऑफिसात येऊन काही न बोलता बसून राहिले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात मी तो आकडा घातला. पंधरा वर्षांत एकही तक्रार आली नाही.

म्हणूनच मला कळत नाही. घड्याळ मागे गेल्याने माझ्या आकड्याला काही व्हायला नको. तो चुकला कसा? त्या भागाची कोडची फाइल पाठवतेस का? आणि त्या मंडळाचं काय गेलं तेही कळव. आपण नुसतं "डेटा" म्हणतो. त्यात कोणाचं तरी काहीतरी असतं.

सुधीर आठल्ये

---

सीबीडी बेलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

फाइल कंपनीबाहेर पाठवता येत नाही, नियम आता फार कडक झालेत. माफ करा.

काल निशांतबरोबर उलव्याला गेले होते. जुनं गाव आता टॉवरच्या मधोमध आलंय. देवळाशेजारी मंडळाची एक खोली आहे, बॉक्स तिथेच कपाटात. मंडळ हिरामण म्हात्रे चालवतात. सत्तरीचे असतील. शेती होती तिथे आज विमानतळाचा रस्ता आहे, स्वतः एका बिल्डिंगचे मालक आहेत. त्यांची मुलगी स्नेहल शाळेत शिकवते. बॉक्समध्ये तिचं काम होतं.

हिरामणकाकांची मोठी बहीण गोजराबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवले गाणारी बाई. पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्याशिवाय लागायचं नाही. हळदीचं गाणं वेगळं, मांडवाचं वेगळं, नवरी निघताना वेगळं. कुठे लिहिलेलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. जूनपासून दर रविवारी स्नेहल त्यांच्यापुढे रेकॉर्डर ठेवून बसायची. मग बॉक्समध्ये उतरवून रेकॉर्डरचं कार्ड पुसायची आणि पुढच्या रविवारी तेच वापरायची. एकूण त्रेसष्ट गाणी. मेच्या आधीची चारच राहिलीत, ती पण चाचणी म्हणून केलेली.

गोजराबाई १९ डिसेंबरला गेल्या.

स्नेहल आमच्याशी बोलताना सारखं म्हणत होती, "मीच ढकलली हो ती डिस्क. लाल दिवा दिसला, मला वाटलं दाबून बसवली की हिरवा होईल." हिरामणकाका तिच्याकडे बघतही नव्हते. घरात अबोला आहे असं वाटलं. निशांतने "आम्ही तपास करतोय" एवढंच सांगितलं. मी काही बोलले नाही.

घड्याळ मागे गेल्यावर काहीतरी होतं एवढं नक्की. शोधते आहे.

तुमची,
क्षिप्रा

---

देवरुख
२० फेब्रुवारी २०२५

चि. क्षिप्रा,

तुझं पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्रेसष्ट गाणी.

मी जुन्या वह्या काढून बसलो होतो आणि मला सापडलं असं वाटतं. आकड्यासाठी मी जागा लहान ठेवली होती. भरली की तो पुन्हा शून्यावर यायचा. तेव्हाच्या डिस्क लहान होत्या, चालून गेलं. वहीत मी स्वतःच लिहून ठेवलंय, "जागा वाढवणे". पुढे बरोबरची खूण नाही. म्हणजे मी ते केलंच नाही. राहून गेलं. चांगल्या डिस्कचा आकडा भरून शून्यावर आला असेल, म्हणून ती शिळी ठरली. घड्याळाचा योगायोग असावा.

म्हणजे ती मुलगी नाही चुकली. मी चुकलो.

सोबत एक पान जोडलं आहे. त्यात हे सविस्तर लिहून सही केली आहे. निशांतला दे. स्नेहललाही कळू दे की तिच्या हातून काही झालेलं नाही, कोणीही डिस्क आत ढकललीच असती. एवढं तरी लवकर कर.

मला वाटायचं मी नीट काम करून घरी आलो. माणसाला किती सहज वाटतं ते.

सुधीर आठल्ये

---

सीबीडी बेलापूर
३ मार्च २०२५

आदरणीय सर,

उत्तराला उशीर झाला, रिलीजची घाई होती. दुरुस्ती झाली. मुद्दाम घड्याळ मागे नेऊन, डिस्क काढून-घालून चाळीस वेळा तपासलं, प्रत्येक वेळी ताजी डिस्कच जिंकली. सगळ्या ग्राहकांकडे नवी आवृत्ती गेली आहे. आकड्याची जागाही वाढवली.

तुमचं पान निशांतला दिलं. त्याने ते रिपोर्टला जोडलं. "जुन्या भागातील मूळ त्रुटी" असं लिहून प्रकरण बंद केलंय.

सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कोणाच्याही हातून होतं.

तुमची,
क्षिप्रा

---

देवरुख
२२ मार्च २०२५

प्रिय क्षिप्रा,

मी स्मिताकाकू. यांच्या नकळत फोनवरून एका बोटाने लिहिते आहे, चुका झाल्या तर समजून घे.

गेल्या आठवड्यात हे मला म्हणाले, चिपळूणला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो. सकाळी गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी काळजीने अर्धी झाले होते. फोन करून काय उपयोग, ऐकू कुठे येतंय! आले ते सरळ पाय धुऊन बसले आणि म्हणाले, "मी उलव्याला गेलो होतो." संगमेश्वरहून गाडीने पनवेल, मग खारकोपर स्टेशन, मग चालत. विचारायचं तर लोकांची उत्तरं ऐकू येत नाहीत, म्हणून कागदावर पत्ता लिहून रिक्षावाल्यांना दाखवत होते. पासष्टीचा माणूस.

तिथे त्या हिरामणरावांच्या घरी गेले. वहीत आधीच लिहून नेलं होतं, "तुमच्या बहिणीची गाणी माझ्या चुकीमुळे गेली. तुमच्या मुलीचा दोष नाही. मी माफी मागायला आलो आहे." वही त्यांच्या हातात दिली. म्हणतात, त्यांनी दोनदा वाचली, मुलीला हाक मारली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. आम्ही मासे खात नाही हे त्यांना काय ठाऊक. यांनी मुकाट्याने खाल्लं.

मग त्या मुलीने उरलेल्या चार गाण्यांतलं एक लावलं. यांना ऐकू येईना. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने यांचा हात धरून स्पीकरवर ठेवला. म्हणाले, "स्मिता, ती बाई हाताला लागत होती गं."

क्षिप्रा, हे इथल्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवायला जायचे. फळ्यावर शिकवायचं, मुलं पाटीवर प्रश्न लिहून दाखवायची. फार रमले होते. आता जात नाहीत. मुख्याध्यापक घरी आले तर त्यांना लिहून दिलं, "ज्याला स्वतःची चूक पंधरा वर्षं दिसली नाही त्याने मुलांच्या चुका काढू नयेत." दिवसभर त्या वह्या उघडून बसतात. जेवण निम्म्यावर आलंय.

मला तुमच्या कामातलं काही कळत नाही. पण या माणसाला मी ओळखते. गॅस बंद केला का हे तीनदा बघणारा माणूस आहे हा. तू यांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलीस. तू मला एवढंच सांग, ही चूक खरंच यांची आहे का?

उत्तर माझ्या ईमेलवर दे.

स्मिताकाकू

---

सीबीडी बेलापूर
९ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

काकूंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्यांना उत्तर द्यायला अठरा दिवस लागले, आणि आता वाटतं की ते तुम्हालाच द्यायला हवं. काकू, तुम्हीही वाचा.

चूक सरांची नाही. माझी आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी, तुमचा तो आकडा मी काढून टाकला. मोठे बॉक्स चालू व्हायला चार-चार मिनिटं घेत होते, ग्राहक कुरकुरत होते. प्रत्येक डिस्कवरचा आकडा शोधून, वाचून ताडून पाहण्यात बराच वेळ जायचा. मी त्याऐवजी शेवटच्या लिखाणाची तारीख बघायला लावली. बॉक्स चाळीस सेकंदांत चालू व्हायला लागले. मला शाबासकी मिळाली. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कारण घड्याळ मागे गेलं तर काय, ही टेस्टच कोणी लिहिलेली नव्हती.

त्या भागाच्या वर तुमच्या दोन ओळी होत्या. "घड्याळावर विसंबू नका. का, ते मला विचारा." मी त्या वाचल्या होत्या. फोन करावा असं मनात आलंही होतं. मग वाटलं, सरांच्या काळातली काळजी आहे, आता कोणाचं घड्याळ चुकतं? त्या ओळीही पुसल्या.

चांगल्या डिस्कवर २००० सालची तारीख होती, सैल डिस्कवर मे २०२४ ची. माझ्या कोडने मे २०२४ खरं धरलं. हे मला २ फेब्रुवारीलाच कळलं होतं. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. त्या पत्रात एक शब्द मी मुद्दाम टाळला, रिग्रेशन. काकू, आधी नीट चालणारं काहीतरी नवं करताना मोडलं की त्याला आमच्याकडे असं म्हणतात. तो शब्द लिहिला असता तर सरांनी पुढच्याच ओळीत विचारलं असतं, आधी चालत होतं तर मग बदललं कोणी?

मला तुमच्याकडून फक्त तो आकडा परत कसा घालायचा ते हवं होतं. तुम्ही कारण सांगितलंत, छापखान्याची गोष्ट सांगितलीत, आणि मी दुरुस्ती लिहायला बसले. फाइल न पाठवण्याचं कारण नियम नव्हतं. फाइलीत माझं नाव आणि तारीख होती.

मग तुमचं ते सही केलेलं पान आलं. त्याच दिवशी मी जुन्या नोंदी तपासल्या. उलव्याच्या बॉक्सचा आकडा तुमच्या वेळी तीन लाखांच्या आसपास होता. भरायला चारशे कोटींच्या वर लागतात. तो कधीच शून्यावर आला नसता. तुमचं काहीही राहून गेलेलं नव्हतं. हे मला दहा मिनिटांत कळलं, आणि तरी मी ते पान निशांतच्या टेबलावर ठेवलं. ठेवताना मला काय वाटलं ते सांगते, कारण तेच सगळ्यात वाईट आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

निशांतने मला विचारलं होतं, "सर स्वतः म्हणतायत, मग तुला काही वेगळं दिसतंय का?" मी म्हटलं, "नाही."

तुम्ही उलव्याला गेलात हे काकूंनी कळवलं नसतं तर कदाचित मी अजूनही गप्पच राहिले असते. मी चांगली आहे म्हणून हे लिहीत नाहीये. तुमचा हात स्पीकरवर होता हे वाचल्यापासून मला माझा हात कुठे ठेवावा ते कळत नाही.

माफी मागते आहे. तुम्ही ती द्यावी असं म्हणायची माझी हिंमत नाही. तुमची परवानगी असेल तर एखाद्या शनिवारी देवरुखला येते.

क्षिप्रा

---

देवरुख
१६ एप्रिल २०२५

क्षिप्रा,

पत्र मिळालं. स्मिताने आधी वाचलं, मग मला दिलं आणि अंगणात जाऊन बसली.

तू तो भाग बदललास याचा मला राग नाही. मीही माझ्या आधीच्या लोकांचं कितीतरी उपटून टाकलं आहे, कारणं न विचारता. पंचवीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला त्याचा राग येऊ शकत नाही. "मला विचारा" असं लिहून माणूस निघून जातो हाही शहाणपणा नव्हे, कारण तिथेच लिहायला हवं होतं.

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. मी दोन महिने माझ्या आयुष्यातली प्रत्येक ओळ संशयाने पुन्हा वाचली. कोणकोणत्या दवाखान्यात, कोणत्या बँकेत माझं काय काय राहून गेलं असेल, याची यादी केली. सत्तावीस ठिकाणं झाली. तेव्हा तुझ्याजवळ एका वाक्याचं औषध होतं आणि तू मला लिहिलंस, "मनाला लावून घेऊ नका."

आणि त्या घरात मी खोटं बोलून आलो. नकळत बोललो, पण बोललो. त्यांनी माझ्यापुढे ताट वाढलं ते मी खरं बोलतोय असं समजून.

देवरुखला येऊ नकोस. मला भेटून तुला हलकं वाटेल, पण माझ्याकडे यायच्या आधी तुला उलव्याला जायचं आहे. तिथे जा. मग निशांतकडे जा आणि रिपोर्टमधून माझं पान काढून घे. हा क्रम बदलू नकोस.

सुधीर आठल्ये

---

सीबीडी बेलापूर
१८ मे २०२५

आदरणीय सर,

तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. उलव्याला जायला मात्र दहा दिवस घेतले. दोनदा खारकोपरला उतरून परत फिरले.

हिरामणकाका ओटीवर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आठल्ये सरांनी सांगितलं ते खरं नव्हतं, त्यांना तसं वाटायला मी लावलं, गाणी माझ्यामुळे गेली. बोलताना मध्ये मध्ये टेक्निकल शब्द येत होते, ते माझे मलाच लाजिरवाणे वाटले. ते म्हणाले, "फेब्रुवारीला तू आली व्हतीस. त्या कपाटापाशी उभी व्हतीस. माजी पोर रडत व्हती तवा."

मी हो म्हटलं.

"तवा तुला ठाव व्हता?"

मी हो म्हटलं.

"त्या बाबाला कानानं आयकू येत नाय, तरी तो आला. तुला तं आयकू येत व्हता ना, बाय?"

सर, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. त्यांनी तेवढंच विचारलं आणि उठून आत गेले. पाणीही विचारलं नाही.

स्नेहल मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "दीड महिना बाबा माझ्या हातचा चहा घेत नव्हते. आत्याला दोनदा मारलीस म्हणाले होते मला." तुमची वही वाचल्यावर ते थांबलं. म्हणजे मी न केलेलं काम तुम्ही चुकीचं कारण सांगून केलंत. तिने मला माफ केलं का ते मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, रविवारी काही काम असेल तर सांग, मी येईन. ती म्हणाली, बघते.

निशांतला सांगितल्यावर त्याने केबिनचं दार लावून घेतलं. "आता हे उकरायची काय गरज आहे? बग फिक्स झालाय, ग्राहक गप्प आहे." मी म्हटलं, पान परत दे. चार दिवस टेन्शन, मीटिंगा, लीगलची माणसं. शेवटी रिपोर्ट बदलला. तुमचं पान काढलं, माझं नाव आणि तारीख आली. ग्राहकांना गेलेल्या नोटमध्येही दुरुस्ती केली, "मूळ त्रुटी" खोडून "२०२३ मधील बदलामुळे". मला त्या टीममधून काढून रिपोर्ट-स्क्रीन बनवणाऱ्या टीममध्ये टाकलंय. डिस्कला हात लावायचा नाही. ठीक आहे. जायच्या आधी त्या भागाच्या वर छापखान्याची आणि उलव्याची, दोन्ही हकिगती पूर्ण लिहून ठेवल्या. घड्याळ मागे नेणारी टेस्टही घातली. आता तो आकडा कोणी काढला तर टेस्ट लाल होईल आणि काढणाऱ्याला कारण वाचावंच लागेल.

आणखी एक. स्नेहलचा मेसेज आला होता. गेले तीन रविवार मी जाते आहे. गोजराबाईंच्या मागे झील धरणाऱ्या तीन म्हाताऱ्या अजून आहेत. धवलारीण ओळ म्हणते आणि या तीच ओळ मागून म्हणतात. स्नेहल त्यांच्याकडून आठवेल तेवढं रेकॉर्ड करून घेते आहे. मी वायरी लावते, चटया घालते, आणि प्रत्येक फाइल तीन ठिकाणी ठेवते. अकरा गाणी झाली, काही अर्धवटच.

पहिल्या दिवशी त्या सुरू होईचनात. तोंडं उघडून बसायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. स्नेहल म्हणाली, "आज्ये, म्हन ना." तर त्यांतली एक म्हणाली, "गोजरा आधी म्हनंल तं म्हनू ना." जन्मभर मागूनच म्हटलंय, पहिली ओळ उचलायची सवयच नाही. आता म्हणतात, पण एक ओळ म्हणून झाली की थांबतात. गोजराबाईंची पुढची ओळ जेवढा वेळ घ्यायची तेवढा वेळ. मग तिघी एकदम म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता तशीच येते. स्नेहलला विचारलं, हे मधलं कापायचं का? ती म्हणाली, "नको. ती आत्याची जागा हाय."

हिरामणकाका अजून माझ्याशी बोलत नाहीत. ओटीवर असतात. आज मी गेले तेव्हा पाय थोडे आत घेतले, मला जायला वाट झाली.

तुम्ही शाळेत परत जावं एवढी एकच गोष्ट तुमच्याकडे मागते. त्या सत्तावीस ठिकाणची यादी फाडून टाका, सर. ती टीम सोडण्याआधी मी तुमचं सगळं जुनं लिखाण ओळ न् ओळ वाचलं. कुठेही काही राहून गेलेलं नाही.

क्षिप्रा

---

देवरुख
२२ जून २०२५

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद.

शाळा सुरू झाली, मीही जाऊ लागलो. सोमवार आणि गुरुवार. मुलांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? फळ्यावर लिहिलं, आजारी होतो. खोटं नव्हतं ते.

यादी फाडली. हिरामणरावांना मी पत्र लिहिलं आणि स्नेहलचं उत्तर आलं. गाणी आता चौदा झाली असं कळलं. तू रविवार चुकवत नाहीस हेही तिने लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं.

पावसाळा संपला की ये. स्मिता म्हणते, मुलीला किती दिवस दारात उभी ठेवणार. ती तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त रागावली होती आणि तिचा राग माझ्या आधी गेला. माझाही गेला आहे. तुझं पत्र माझ्याजवळ महिनाभर आहे, उत्तराला एवढा वेळ का लागला ते सांगून टाकतो.

अकरा वर्षं तू माझ्यापुढे बसून काम केलंस. "सर, झालं" म्हणालीस की मी पुन्हा तपासत नसे. बाकी सगळ्यांचं तपासायचो, तुझं कधीच नाही. तुझी पत्रंही तशीच, एकदा वाचायची आणि खाली ठेवायची.

हे पत्र वाचताना मी प्रत्येक वाक्यापाशी थांबत होतो. उलव्याला गेली असेल का? पान खरंच काढलं असेल का? माझं काही राहिलेलं नाही हे खरं असेल, की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल? शेवटी मी स्नेहलला आणि निशांतला विचारून खात्री केली. सगळं खरं निघालं. ते खरं असणार हे मला आतून ठाऊकही होतं.

तरी विचारलं.

सुधीर आठल्ये